हॅन्सेल आणि ग्रेटेलला पुन्हा जंगलात पाठवताना: परीकथेची साहसकथा कशी लिहावी

जुनी परीकथा नव्यानं सांगायची म्हटलं की बरेच जण आधी सजावटीला लागतात. राजकन्येच्या हातात तलवार द्यायची, चेटकिणीला मोबाइल द्यायचा, जंगलाच्या जागी मॉल आणायचा. ही गंमत चार पानांत संपते आणि मूल पुस्तक मिटून ठेवतं. परीकथेची साहसकथा होते ती वेगळ्या कारणानं. परीकथेत बहुतेक गोष्टी मुलांवर ओढवतात. साहसकथेत मूल स्वतः काहीतरी ठरवतं, ते ठरवणं अंगाशी येतं, आणि मग त्याला पुन्हा काहीतरी ठरवावं लागतं. हा फरक हाताला लागला की लिहिणं सोपं होत नाही, पण दिशा मिळते. ती दिशा धरून पुढे कसं जायचं, ते इथे एकाच कथेवर दाखवते. कथा जर्मनीतल्या ग्रिम बंधूंची, ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’. ती सगळ्यांना माहीत असते, वाचून व्हायला फार वेळ लागत नाही, आणि साहसकथेचं बी तिच्यात आधीपासूनच आहे.

पहिली पायरी: मूळ पाठ समोर ठेवा

आठवणीवर विसंबून लिहू नका. लहानपणी ऐकलेली कथा, टीव्हीवर पाहिलेलं कार्टून आणि शाळेतलं नाटक यांची आपल्या डोक्यात सरमिसळ झालेली असते. चेटकिणीनं बिस्किटं करून ठेवलेली मुलं शेवटी जिवंत होतात, असं अनेकांना मूळ कथेतलंच वाटतं. ते ग्रिमच्या कथेत नाही. ते आलं जर्मन संगीतकार हुम्परडिंकच्या ऑपेरातून, जो १८९३ मध्ये जर्मनीतल्या वायमारला पहिल्यांदा रंगमंचावर आला.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांच्या कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला आणि त्यांच्या हयातीतली शेवटची, सातवी आवृत्ती १८५७ मध्ये. मधल्या पंचेचाळीस वर्षांत विल्हेल्म या कथांवर सतत हात फिरवत राहिला. १८१२च्या पाठात मुलांना जंगलात सोडून यायचा बेत त्यांची सख्खी आई करते. सावत्र आई झाली ती १८४०च्या आवृत्तीत. परतीच्या वाटेवर मुलांना पाण्यापलीकडे नेणारं पांढरं बदक पहिल्या पाठात नाही. तिथे मुलं खिसे भरून घेतात आणि सरळ घरी पोचतात. म्हणजे ज्याला आपण मूळ कथा म्हणतो तीच पुनर्कथनांची एक रांग आहे. पांढरे खडे आणि पावाचा चुरा तर त्याही आधी, १६९७ मध्ये छापलेल्या, फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या अंगठ्याएवढ्या मुलाच्या गोष्टीत भेटतात. नवोदितांना हे कळणं फार गरजेचं असतं, कारण मग हात मोकळा होतो. आपण काही पवित्र ग्रंथ फाडत नसतो. त्या रांगेत जाऊन उभे राहत असतो.

हक्कांचंही इथेच पाहून घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. विल्हेल्म १८५९ मध्ये गेला, याकोब १८६३ मध्ये, त्यामुळे त्यांची कथा सगळ्यांची आहे. पण अलीकडच्या मराठी किंवा इंग्रजी अनुवादातली वाक्यं अनुवादकाची असतात, आणि एखाद्या चित्रपटानं कथेत भरलेली पात्रं त्या चित्रपटाची असतात. घटना घ्या, शब्द आपले वापरा.

दुसरी पायरी: सांगाडा काढा, आणि प्रत्येक घटनेपुढे नाव लिहा

कागद घ्या. कथेतल्या घटना एकाखाली एक लिहा, एकेका ओळीत. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे कोणी ठरवलं?

आपल्या कथेचं उत्तर पाहा. उपासमार आहे, आई बेत करते, बाप मान्य करतो. हॅन्सेल रात्री उठून पांढरे खडे गोळा करतो आणि चांदण्यात त्यांच्या खुणेनं दोघं परत येतात. दुसऱ्या वेळी दाराला कुलूप, खडे आणता येत नाहीत, म्हणून तो पावाचा चुरा टाकत जातो आणि तो पाखरं खातात. तिसऱ्या दिवशी दुपारी एक पांढरा पक्षी त्यांना पावाच्या घरापाशी नेतो. इथपर्यंत ठरवणारा हॅन्सेल आहे. ग्रेटेल रडते आणि भाऊ तिची समजूत काढतो. मग त्या घरातली म्हातारी, म्हणजे चेटकीण, त्याला कोंडते. आता त्याच्या हातात एकच युक्ती उरते: बोटाऐवजी गजांतून हाड पुढे करायचं. त्यापुढचं सगळं ग्रेटेलचं आहे. भट्टीत कसं शिरायचं ते मला कळत नाही, तूच दाखव, असं म्हणणारी तीच. लोखंडी दार लावून अडसर सरकवणारीही तीच. मूळ कथेत हा बदल दोन-तीन परिच्छेदांत उरकतो. रडणारी मुलगी अडसर सरकवणारी मुलगी कशी झाली, हे कथा सांगत नाही.

तुमची साहसकथा त्याच जागेत आहे. कोणत्याही परीकथेचा असा कागद केलात की एक जागा सापडतेच, जिथे पात्र अचानक बदलतं आणि कथा त्याबद्दल गप्प बसते. कुंपणापलीकडून कोणीतरी डोकावावं तशी ती जागा दिसते. एकदा दिसली की तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

तिसरी पायरी: एकच प्रश्न निवडा

सांगाड्यात पुष्कळ भोकं असतात. तो पांढरा पक्षी चेटकिणीचा होता का? याआधी किती मुलं त्या घराशी आली? घरात मोती आणि रत्नं कुठून आली? म्हातारी चार आठवडे का थांबली? नवा लेखक या सगळ्यांची उत्तरं द्यायला जातो आणि कथेचा पसारा होतो. एक प्रश्न घ्या, बाकीचे तसेच राहू द्या. मुलांना न सुटलेले प्रश्न आवडतात, त्यांच्यावर ती भांडतात.

मी इथे घेतलेला प्रश्न साधा आहे: त्या पावाच्या घरापासून दोघांना परतीची वाट का सापडत नाही? चुरा पाखरांनी खाल्ला हे ठीक, पण लाकूडतोड्याची मुलं आहेत ती. त्यांना जंगल ओळखीचं असायला हवं.

चौथी पायरी: जादूचा एक नियम, आणि त्याची किंमत

जादू जितकी कमी, तितकी ती खरी वाटते. एक नियम पुरतो. तो एका वाक्यात सांगता आला पाहिजे, सात वर्षांच्या मुलाला एकदा ऐकून समजला पाहिजे, आणि तो कथेच्या पोटातून आला पाहिजे.

ही कथा खुणांची आहे. खडे, चुरा, परतीची वाट. म्हणून नियमही खुणांचाच हवा. समजा: जो त्या घराचा तुकडा खातो त्याची पावलं उमटेनाशी होतात. चिखलातून गेला तरी नाही, गवतातून गेला तरी नाही. जंगलाला तो दिसत नाही, वाटा त्याला ओळखत नाहीत, गोल गोल फिरून तो पुन्हा त्याच दारात येतो. हॅन्सेलनं छपराचा तुकडा खाल्ला, ग्रेटेलनं साखरेची खिडकी, आणि दोघंही खूण नसलेली झाली. आता तिसऱ्या पायरीवरच्या प्रश्नाचं उत्तरही याच नियमात बसतं.

किंमत म्हणजे काय ते नीट समजून घ्या. जादूनं फायदा झाला की कोणीतरी काहीतरी गमावलं पाहिजे, आणि जादूची गाठ सोडवायला दुसरी जादू येता कामा नये. परी येऊन कांडी फिरवते त्या क्षणी साहस संपतं. गाठ मुलानं सोडवायची, आणि ती त्याच्या रोजच्या कामातून, त्याच्या डोळ्यांपुढे असलेल्या वस्तूतून सुटली तर वाचणाऱ्या मुलाला वाटतं, हे मलाही सुचलं असतं.

मूळ कथेत हॅन्सेलला उत्तम जेवण मिळतं आणि ग्रेटेलला खेकड्याची नुसती कवचं. ती राबते: पाणी आणते, जाळ करते. मग भट्टीतली राखही तीच काढत असणार. नियमाची चावी त्या राखेत ठेवली. त्या घराच्या भट्टीतल्या राखेत मात्र पाऊल उमटतं.

पाचवी पायरी: एक प्रसंग जवळून लिहून पाहा

सगळी कथा बेतण्याआधी हा एक प्रसंग लिहा. जादूचा नियम कागदावर चालतो की नाही, ते इथेच कळतं.

“भट्टीतली राख काढायची, घमेल्यात भरायची, मागच्या दारी नेऊन ओतायची. रोजचंच काम. आज घमेलं हातातून निसटलं. राख फरशीभर पसरली. ग्रेटेल जागच्या जागी थिजली. आतून म्हातारीचं घोरणं तसंच ऐकू येत होतं. ती वाकून हातानंच राख गोळा करू लागली, आणि थांबली. राखेत पाच बोटं होती. मागे टाच होती. तिनं दुसरा पाय हळूच टेकवला. तोही उमटला. डाव्या अंगठ्याशी वाकडा, बाबांची कुऱ्हाड निसटून लागली होती तिथे. ‘माझाच आहे,’ ती पुटपुटली. मग तिनं घमेलं बाजूला सारलं आणि एप्रनचा खिसा उघडला.”

या उताऱ्यात ग्रेटेल घाबरली असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि ती शूर झाली असंही नाही. तिनं काय केलं तेवढंच आहे. मुलांसाठी लिहिताना भावनेचं नाव घ्यायचा मोह फार होतो. तो आवरा. ‘तिला धीर आला’ या तीन शब्दांपेक्षा खिसा उघडणं जास्त बोलतं. अंगठ्याची जुनी जखमही उगाच आलेली नाही. तिच्यामुळे बाप आणि घर न सांगता प्रसंगात येतात.

सहावी पायरी: पहिला प्रयत्न फसू द्या

आता बेत. खिशातल्या राखेच्या भरवशावर ग्रेटेल एका रात्री भावाला सोडवते आणि दोघं निघतात. दर वीस पावलांवर मूठभर राख टाकायची, तिच्यात पाय ठेवायचा, पाऊल उमटलं की जंगल थोडी वाट उघडतं. राख मोजकी आहे, म्हणजे कुठे टाकायची आणि कुठे नाही हे दर वेळी ठरवायला लागतं. हेच साहस.

आणि इथे मूळ कथेनं एक देणगी ठेवली आहे. चेटकिणींचे डोळे लाल असतात, त्यांना लांबचं दिसत नाही, पण जनावरांसारखं नाक तिखट असतं, असं ग्रिमनी स्पष्ट लिहिलंय. राखेला वास असतो. जी वस्तू वाट दाखवते तीच माग देते. म्हातारी वासावर येते आणि दोघांना परत नेते. मूळ कथेतही पहिली युक्ती साधते आणि दुसरी फसते. आपण फक्त तोच ताल पुढे नेला.

फसल्यानंतर ग्रेटेलला एक गोष्ट कळलेली असली पाहिजे, जी आधी माहीत नव्हती. म्हातारी जिवंत असेपर्यंत या जंगलातून सुटका नाही. भट्टीचा प्रसंग आता नुसता योगायोग राहत नाही, तो तिचा निर्णय होतो.

भीतीचं काय करायचं

हा प्रश्न प्रत्येक नवा लेखक विचारतो, आणि पालकांच्या भीतीनं बरेच जण भट्टीच काढून टाकतात. म्हातारीला पश्चात्ताप होतो, सगळे मिळून केक खातात. मला हे अजिबात पटत नाही. ज्या मुलांना घरच्यांनीच जंगलात सोडलं त्यांच्या कथेत धोका खोटा निघाला, तर सुटकाही खोटी होते. भट्टी ठेवा. पण नजर कुठे ठेवायची ते तुमच्या हातात आहे. ग्रेटेलचे हात, तापलेला अडसर, दाराचा जडपणा, तिच्या कानात भरलेला स्वतःचाच श्वास. दाराच्या आत काय झालं त्याचं वर्णन नको. सहा-सात वर्षांच्या वाचकांसाठी प्रसंग लवकर संपवा आणि लगेच भावाला बाहेर काढा. दहा-अकराच्या वाचकांसाठी त्या दारापाशी ग्रेटेलला क्षणभर उभी राहू द्या.

खरी अवघड गोष्ट भट्टी नाही, बाप आहे. मूळ कथेत तो वाळक्या झाडाला एक फांदी बांधून ठेवतो. वाऱ्यानं ती झाडावर आपटत राहते आणि मुलांना वाटतं बाबा जवळच लाकडं तोडतायत. हा तपशील वाचताना माझ्या पोटात आजही खड्डा पडतो. त्यामुळे शेवटी मुलं धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतात हे नव्या कथेत जसंच्या तसं ठेवू नका. त्याला दुष्ट करा असं म्हणत नाही. पण मुलांपैकी कोणीतरी त्या फांदीबद्दल विचारलं पाहिजे, आणि त्याला उत्तर द्यावं लागलं पाहिजे. दोन ओळींचा संवाद पुरेल.

कथा कुठे घडवायची

जर्मनीतच राहू दे, असं मी सुचवेन. ओक आणि बीच या झाडांचं दाट जंगल, घरातली पावाची भट्टी, लाकूडतोड्याचं दारिद्र्य हे सगळं एकमेकांना धरून आहे. सह्याद्रीत आणायची असेल तर नुसती नावं बदलून भागत नाही. पांढऱ्या खड्यांचं काम गारगोटी सुरेख करील. चांदण्यात ती चमकते आणि दोन गारगोट्या घासल्या की ठिणगीही पडते, म्हणजे पुढे उपयोगी पडणारी वस्तू पहिल्याच प्रकरणात हातात येते. उपासमारीला १९७२चा दुष्काळ आहे, खडी फोडायला गेलेले आईबाप आहेत. पण चुलीत म्हातारी मावत नाही. भट्टी हवीच असेल तर गोव्यात जा, पोदेराच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्याच्या, लाकडाच्या भट्टीपाशी. मग पाव, भट्टी आणि पहाटेचं अंधारातलं काम तिथे आपसूक येतं. जागा बदलायची तर कथेचा प्रत्येक सांधा नव्या जागेवर तपासावा लागतो, आणि पहिल्या कथेसाठी ते ओझं जड आहे.

भाषा, आणि मोठ्यानं वाचणं

मुलांची कथा कानानं लिहायची असते. प्रत्येक प्रकरण मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा. अनुवादाचा वास येणारी लांबलचक ‘जो-तो’ची वाक्यं पहिल्यांदा जातील. मराठीकडे आवाजाचे शब्द भरपूर आहेत: खसखस, करकर, चरचर, सळसळ. पावाचं घर खाताना होणारा आवाज, कोरड्या पानांवरचा आवाज आणि भट्टीचा आवाज वेगवेगळे ठेवा.

पुन्हा पुन्हा येणारी एक ओळ कथेत हवीच. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ ही ओळ आली की आजीची गोष्ट ऐकणारं पोर आपोआप साथ देतं, आणि वाघ भेटण्याच्या भीतीला तीच ओळ आवर घालते. ग्रिमच्या म्हातारीचीही अशी ओळ आहे, आणि मुलं तिला वाऱ्याचं नाव सांगतात. मी माझ्या मसुद्यात ती अशी केली:

कुरूम कुरूम, दारात कोण?
कुरतडतंय कोण माझ्या घराचा कोन?
वारा गं आजी, वारा,
आभाळाचा पोर बिचारा!

पहिल्यांदा ही ओळ खेळकर वाटते. कोंडल्यावर म्हातारी तीच म्हणते तेव्हा भीती वाटते. शेवटी जंगलातून जाताना ग्रेटेल म्हणते तेव्हा ती तिची झालेली असते. एकाच ओळीला तीन जागा द्या, तीनपेक्षा जास्त नको.

बोलण्यात बहीणभाऊ बहीणभावांसारखे बोलू द्या. ‘अरे’, ‘अगं’, ‘गप ना’, ‘तूच म्हणाला होतास’. ‘प्रिय भावा’ म्हणणारी बहीण कुठल्याच घरात सापडत नाही. हॅन्सेलला ‘दादा’ म्हणायचं की नावानं हाक मारायची ते सुरुवातीलाच ठरवा आणि मध्येच बदलू नका.

आठ ते अकरा वयासाठी सहा ते आठ प्रकरणं, प्रत्येकी साधारण आठशे ते हजार शब्दांची, हा आकार मला हाताळायला सोपा वाटतो. प्रकरण संपवताना नवं संकट उभं करायची सक्ती करू नका. ग्रेटेलनं काहीतरी ठरवलं आणि परिणाम अजून दिसायचाय, एवढंही पुरेसं ओढून नेतं.

मुलांपुढे वाचून पाहा

मसुदा झाला की तीन-चार मुलांना वाचून दाखवा, शक्यतो स्वतःच्या घरातली सोडून. आवडलं का असं विचारू नका, ती हो म्हणतात. वाचताना कुठे मूल हलतं, पाणी मागतं, कुठे पुढे सरकतं त्याची कडेला खूण करा. मग एकच प्रश्न विचारा: आता तू असतास तर काय केलं असतंस? प्रसंगात निर्णयाची जागा खरी असेल तर लगेच भांडणं सुरू होतात. शांतता पसरली तर समजा, त्या पानावर तुम्हीच सगळं ठरवून टाकलंय.

कुठे पाठवायची

बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून मुलांसाठी निघतंय, आणि दिवाळीत मुलांचे स्वतंत्र अंकही निघतात. मासिकासाठी पूर्ण मालिका एकदम पाठवण्यापेक्षा स्वतंत्रपणे उभं राहणारं एक प्रकरण निवडा. आपल्या कथेत राखेचं प्रकरण तसं आहे. दिवाळी अंकांचं काम काही महिने आधी सुरू होतं, तेव्हा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच विचारणा करा. मजकूर युनिकोड देवनागरीत टंकलेला असू द्या, सोबत चार ओळींचा सारांश आणि वाचकाचं वय लिहा. कथेखाली ‘ग्रिम बंधूंच्या कथेवर आधारित’ ही ओळ जरूर द्या, आणि राखेचा नियम, फसलेलं पलायन, फांदीचा प्रश्न हे काय काय तुमचं आहे ते संपादकाला पत्रात वेगळं कळवा. पुनर्कथन म्हटल्यावर संपादक तेच आधी शोधतात.